किनाऱ्यावरच्या हवेतले कण तापवले, मग उरलं ते मीठच का?

प्रश्न असा आहे: समुद्रकिनाऱ्यावरच्या केंद्रात पहिल्या डीएमएने (भारित कण विद्युतक्षेत्रातून नेऊन आकारानुसार वेगळे करणारं यंत्र) १०० नॅनोमीटरचे कण निवडले, थर्मोडिन्यूडरमध्ये (कण तापवण्याची नळी) ३०० अंश सेल्सिअसला तापवले आणि दुसऱ्या डीएमएने पुन्हा मोजले. एक तृतीयांश कण दिसेनासे झाले, काही ९० नॅनोमीटरच्या आसपास टिकले, काही ३० पर्यंत आक्रसले. गेलं ते सल्फेट आणि उरलं ते मीठ असं लिहिता येईल का? आणि मोजणी मुळात बरोबर झाली आहे हे कसं तपासायचं?

पहिल्या भागाचं उत्तर: असं सरळ लिहिता येणार नाही. या यंत्राने मोजलं ते एवढंच, की अमुक आकाराचा कण अमुक तापमानाला अमुक सेकंद राहिल्यावर केवढा उरला. तो कशाचा होता हे आपलं अनुमान असतं, आणि किनाऱ्यावर ते अनुमान चुकण्याच्या वाटा बऱ्याच आहेत. त्यातली एक रासायनिक आहे आणि तिच्याकडे फार कमी लोक लक्ष देतात. पण आधी यंत्राचं बघू, कारण यंत्रच नीट नसेल तर पुढची चर्चा करण्यात अर्थ नाही.

कंट्रोलरवर ३०० दिसतं ते हीटरखालच्या धातूचं तापमान. आतून जाणारी हवा त्या तापमानाला पोचते का, कुठे पोचते आणि किती वेळ तिथे राहते, हे स्वतंत्रपणे मोजावं लागतं. अर्धा मिलिमीटर जाडीचं के-टाइप थर्मोकपल बाहेर पडण्याच्या टोकाकडून नळीच्या मध्यरेषेवर आत सरकवा. फ्लो नेहमीच्या मोजणीइतकाच चालू ठेवा. दर ५ सेंटीमीटरवर थांबा, आकडा स्थिरावू द्या, लिहून घ्या. हे प्रत्येक तापमानाला वेगळं करा, कारण ३०० ला मिळालेला आलेख १०० ला लागू पडत नाही. बहुतेक नळ्यांत सुरुवातीचा मोठा भाग हवा तापण्यातच जातो, आणि शेवटचे काही सेंटीमीटर टोकाच्या गार फिटिंगमुळे पुन्हा खाली येतात. जाड थर्मोकपल वापरलं तर भिंतीच्या उष्ण प्रारणामुळे तो हवेपेक्षा जास्त तापमान दाखवतो, म्हणून बारीक घ्यायचा.

आता वेळ. समजा नळीचा आतला व्यास २० मिलिमीटर, तापणारी लांबी ५० सेंटीमीटर आणि फ्लो ०.६ लिटर प्रति मिनिट. नळीचं घनफळ १५७ घनसेंटीमीटर, फ्लो सेकंदाला १० घनसेंटीमीटर, म्हणजे खोलीच्या तापमानाला सरासरी मुक्काम १५.७ सेकंद. ३०० अंशांना हवा प्रसरण पावून जवळपास दुप्पट होते, तेव्हा तोच मुक्काम ८ सेकंदांवर येतो. शिवाय प्रवाह स्तरीय (न घुसळता थराथराने जाणारा) असतो आणि मध्यरेषेवरचा वेग सरासरीच्या दुप्पट असतो, म्हणून मधून जाणारे कण ४ सेकंदांतच बाहेर पडतात. एकाच नळीत, एकाच क्षणी, एकाच आकाराचे कण वेगवेगळा वेळ तापतात. निकाल लिहिताना तापमानाबरोबर हा वेळ आणि सुरुवातीचा आकार दिलाच पाहिजे. ‘अर्धं आकारमान (घनफळ) १४० अंशांना गेलं’ एवढंच वाक्य दुसऱ्या प्रयोगशाळेला काहीच उपयोगाचं नाही.

सुरुवातीचा आकार का, तेही सांगतो. हवेच्या रेणूंच्या मुक्त मार्गापेक्षा बरेच लहान असलेले कण बाष्पीभवनात व्यासाने साधारण सारख्या वेगाने घटतात. ५० नॅनोमीटरच्या कणाचे १० नॅनोमीटर गेले तर त्याचं ५१ टक्के आकारमान उरतं. २०० नॅनोमीटरच्या कणाचे तेवढेच गेले तर ८६ टक्के उरतं. २०० नॅनोमीटरला हा नियम काटेकोर लागू होत नाही, तरी दिशा तीच राहते. पदार्थ एकच, तापमान एकच, तरी लहान कण ‘जास्त बाष्पनशील’ दिसतात. दोन आकारांची तुलना करून रासायनिक निष्कर्ष काढण्याआधी हा परिणाम वजा करायला हवा.

तापलेल्या भागापुढे सक्रिय कोळशाचा भाग असतो. सुटलेली वाफ गार होताना पुन्हा कणांवर बसू नये किंवा तिचे नवे कण बनू नयेत म्हणून तो लागतो. स्वच्छ सागरी हवेत बारीक कणांचं वस्तुमान घनमीटरला काही मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसतं, त्यामुळे वाफ पुन्हा बसण्याची भीती थोडी. पण कॅलिब्रेशनच्या वेळी ॲटोमायझरने (द्रावणाचा फवारा करून कण बनवणाऱ्या यंत्राने) शेकडो मायक्रोग्रॅम सोडले तर ती खरी होते, आणि मग कॅलिब्रेशनचा आलेख प्रत्यक्ष हवेच्या आलेखापेक्षा वेगळा येतो. कॅलिब्रेशनसाठी कणांची संख्या पातळ करून घ्या. कोळसा संपत आल्याची खूण म्हणजे तापवलेल्या स्कॅनमध्ये (दुसऱ्या डीएमएने सगळे आकार क्रमाने मोजून काढलेल्या आलेखात) २० नॅनोमीटरखाली एक नवा, अरुंद उंचवटा दिसू लागणं. तो ‘उरलेल्या गाभ्यांचा’ म्हणून खपवला जातो. आधी कोळसा बदलून पाहा.

शून्य तपासणी याच्याशी जोडलेली आहे. नळीच्या आधी हेपा फिल्टर लावा आणि प्रत्येक तापमानाला सीपीसी (कणांची संख्या मोजणारं यंत्र) काय मोजतो ते पाहा. स्टीलच्या नळीच्या भिंतीवर आधी बसलेलं सगळं तापवल्यावर सुटतं. कटिंग ऑइलचा अंश असलेली नवी नळी तर पहिल्या तापवणीत हजारोंनी बारीक कण सोडते. नवी नळी फिल्टर केलेल्या हवेच्या प्रवाहात, कामाच्या कमाल तापमानापेक्षा ५० अंश वर, रात्रभर भाजून घ्या. किनाऱ्यावर एकूण कणच घनसेंटीमीटरला दोन-चारशे असताना नळीतून सुटलेले पाचपन्नास कणसुद्धा मोठा घोळ करतात.

आता तुमचे ‘दिसेनासे’ झालेले एक तृतीयांश. ते सगळे वाफ होऊन गेले असं नाही. गरम हवा गार भागात शिरते तेव्हा थर्मोफोरेसिसमुळे कण गार भिंतीकडे ढकलले जातात आणि चिकटतात. तापणाऱ्या भागात भिंत हवेपेक्षा गरम असल्याने ते मध्याकडे ढकलले जातात, तिथे हा त्रास नसतो; नुकसान पुढच्या भागात होतं. त्यात बारीक कणांचं विसरण मिळवा. हा लॉस मोजायची सगळ्यात चांगली पद्धत साध्या मिठाची आहे: लिटरभर शुद्ध पाण्यात ०.१ ग्रॅम सोडियम क्लोराइड, ॲटोमायझर, ड्रायर, डीएमएने आकार निवडायचा, मग बायपास (न तापवणारी शेजारची वाट) आणि तापवलेली नळी यांतली संख्या आलटून पालटून मोजायची. मीठ ३०० अंशांना काही सेकंदांत वाफ होत नाही, त्यामुळे जे कमी झालं ते नळीने खाल्लं. २०, ३०, ५०, १०० आणि १५० नॅनोमीटरला, प्रत्येक तापमानाला हा आकडा काढून तक्ता बनवा. फ्लो बदलला तर तक्ता पुन्हा करावा लागतो.

समजा तुमच्या नळीतून १०० नॅनोमीटरचं मीठ ३०० अंशांना ८५ टक्के पार होतं. तुम्हाला शंभरातले ६७ कण दिसले. ६७ ला ०.८५ ने भागलं की ७९ येतात. म्हणजे खरंच गेलेले ३३ टक्के नसून २१ टक्के. आणि हेही पुरतं बरोबर नाही, कारण ३० नॅनोमीटरपर्यंत आक्रसलेले कण गार भागातून जाताना ३० नॅनोमीटरचे असतात, त्यांना त्या आकाराचा लॉस लावायला हवा, तो जास्त असतो. दुरुस्ती उरलेल्या आकारानुसार, उंचवट्यागणिक वेगळी करा. मग ‘गेले’ म्हणजे दुसऱ्या डीएमएच्या खालच्या मर्यादेपेक्षा लहान झाले. मर्यादा १० नॅनोमीटर असेल तर १०० नॅनोमीटरच्या कणाचा हजारावा भाग आकारमानाने उरला तरी तो गेल्यात जमा होतो. ही मर्यादा निकालासोबत लिहा.

एक चूक जवळपास प्रत्येक नव्या मांडणीत दिसते, म्हणून थोडं थांबून सांगतो. बायपासचा स्कॅन चालू असताना गरम नळीतला प्रवाह बंद होतो. दोन-तीन वेळा व्हॉल्व्ह फिरवल्यावर नळीतलं तापमान वर गेलेलं असतं, कारण उष्णता वाहून नेणारी हवाच थांबलेली असते. पुन्हा नळी चालू केली की पहिले एक-दोन मिनिटं येणारी हवा ठरल्यापेक्षा जास्त तापते आणि भिंतीवर साठलेली वाफही एकदम बाहेर पडते. उपाय सोपा आहे: दोन्ही वाटांना कायम सारखाच फ्लो राहील असा एक छोटा पंप आणि क्रिटिकल ऑरिफिस (फ्लो कायम ठेवणारं बारीक छिद्र) लावा, म्हणजे व्हॉल्व्ह फक्त ‘कोणती वाट मोजायची’ एवढंच ठरवेल. बायपासची लांबी आणि वळणंसुद्धा शक्य तितकी नळीसारखीच ठेवा. आणि दुसऱ्या डीएमएत शिरणारी हवा खोलीच्या तापमानाच्या दोन-तीन अंशांच्या आत आलेली असली पाहिजे, नाहीतर आकाराची मोजणीच घसरते.

आता पाणी, किनाऱ्यावरचा कायमचा विषय. सोडियम क्लोराइड ७५ टक्के सापेक्ष आर्द्रतेला विरघळतं, पण सुकताना साधारण ४५ टक्क्यांच्या आसपास येईपर्यंत थेंबच राहतं. म्हणून ‘७० टक्क्यांपर्यंत वाळवलं’ हे पुरेसं नाही. कण मूळचे ओले असतील तर नळी पाणी उडवेल आणि तुम्ही ते बाष्पनशील पदार्थ म्हणून मोजाल. नॅफिऑन ड्रायर (पडद्यातून ओलावा ओढून घेणारी नळी) लावून पहिल्या डीएमएआधी आर्द्रता ३० टक्क्यांखाली आणा आणि तो ड्रायर छताजवळ, हवा खोलीत शिरण्याआधी बसवा. बाहेर ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू २६ अंशांच्या आसपास असतो. आत एसी २२ ला लावला की इनलेटच्या नळीत पाणी साचतं, मोठे कण त्यात अडकतात आणि उरलेले पुन्हा ओले होतात. इनलेट तापवून हे टाळायचा मोह होतो. तो आवरा: अमोनियम नायट्रेट तर जेमतेम ५० अंशांपासून उडू लागतं, आणि तुम्ही मोजायला निघालेली गोष्ट मोजण्याआधीच घालवून बसाल.

पूर्ण वाळवल्यावरही खऱ्या समुद्री मिठात पाणी राहतं. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम आणि कॅल्शियमची क्लोराइडंही असतात आणि ती स्फटिकात पाणी धरून ठेवतात. हे पाणी १०० ते २०० अंशांच्या पट्ट्यात हळूहळू सुटतं. मॅग्नेशियम क्लोराइड तर त्याबरोबर थोडा हायड्रोक्लोरिक आम्लही सोडतं. या पाण्यामुळे आकारमानाचे १० टक्के गेले तर व्यास १०० वरून ९६.५ होतो. दुसरं कारण आकृतीचं. वाळलेला मिठाचा कण घनाकृती असतो, म्हणून तो स्वतःच्या खऱ्या आकारमानाच्या गोलापेक्षा हवेत जास्त अडतो. घनाचा आकृती-गुणक (गोलाच्या तुलनेत किती पट अडतो तो आकडा) १.०८ धरला तर डीएमएवर १०० नॅनोमीटर दिसणाऱ्या घनाचा समतुल्य गोल साधारण ९६ नॅनोमीटरचा असतो. तापवल्यावर कोपरे गोलावले किंवा आतल्या पोकळ्या मिटल्या, तर काहीही वाफ न होता व्यास तीन-चार टक्के कमी दिसू शकतो.

म्हणून तुमच्या ९० नॅनोमीटरच्या उंचवट्याकडे काळजीने बघा. व्यास १० टक्के घटला म्हणजे आकारमान २७ टक्के घटलं. घन केल्यावर लहान वाटणारा फरक असा मोठा होतो. पाणी आणि आकृती दोन्ही जमेस धरूनही स्वच्छ मिठाचा कण फार तर ९३ च्या आसपास यावा. शुद्ध सोडियम क्लोराइड आणि समुद्राच्या पाण्याचा नमुना, दोन्ही ॲटोमायझरने सोडून तुमच्याच नळीतून ३०० अंशांना न्या. समुद्राचं पाणी ९५ वर आलं आणि हवेतले कण ९० वर, तर मधला फरक हा हवेत जमलेल्या थराचा आहे, असं म्हणायला आधार मिळतो. हा प्रयोग अर्ध्या दिवसाचा आहे आणि तो न करता समुद्री मिठावर काही लिहू नये असं माझं ठाम मत आहे.

आता ती रासायनिक वाट. अमोनियम सल्फेट स्वतंत्र कणात असेल तर काही सेकंदांच्या नळीत साधारण १५० ते २२० अंशांदरम्यान पूर्ण जातं. सल्फ्युरिक आम्ल त्याआधीच, १०० च्या पुढेमागे. यावरूनच ‘३०० ला गेलं ते सल्फेट’ हे समीकरण आलेलं आहे. पण सल्फेट आणि मीठ एकाच कणात असतील तर तापवताना ते एकमेकांशी क्रिया करतात. अमोनियम सल्फेट आणि सोडियम क्लोराइडपासून सोडियम सल्फेट बनतं, आणि अमोनिया व हायड्रोक्लोरिक आम्ल वायुरूपात निघून जातात. सोडियम सल्फेट ३०० अंशांना हलत नाही. म्हणजे सल्फेट राहतं आणि क्लोराइड जातं, तुमच्या अनुमानाच्या अगदी उलट.

आकारमानावरून हे कळेल का? हिशोब करून पाहा. एक मोल अमोनियम सल्फेट म्हणजे १३२ ग्रॅम, घनता १.७७, तेव्हा ७५ घनसेंटीमीटर. दोन मोल मीठ म्हणजे ११७ ग्रॅम, घनता २.१६५, तेव्हा ५४ घनसेंटीमीटर. एकूण १२९. क्रिया झालीच नाही आणि सल्फेट उडालं, तर ५४ घनसेंटीमीटर मीठ उरेल. क्रिया पूर्ण झाली तर १४२ ग्रॅम सोडियम सल्फेट उरेल, घनता २.६६ धरली तर ५३ घनसेंटीमीटर. दोन्ही वेळा उरलेला भाग ४१-४२ टक्के, दोन्ही वेळा १०० नॅनोमीटरचा कण ७५ वर येतो. डीएमएला या दोन्हींतला फरक दिसूच शकत नाही. मिथेनसल्फॉनिक आम्लाचंही तसंच: सागरी प्लवकांपासून येणारं हे आम्ल एकटं असेल तर सहज उडतं, मिठाच्या कणात सोडियमशी बांधलं गेलं की टिकून बसतं. नायट्रिक आम्लाने मिठातलं क्लोराइड हवेतच हाकललं असेल तर सोडियम नायट्रेट झालेलं असतं, तेही ३०० ला बऱ्याच अंशी टिकतं पण मिठाच्या कितीतरी आधी जातं.

मग ओळखायचं कसं? दोन मार्ग आहेत. एक, नळी ६०० ते ७०० अंशांपर्यंत नेणे. या पट्ट्यात सोडियम क्लोराइड वाफ होऊन जातं आणि सोडियम सल्फेट मागे राहतं. त्यासाठी स्टीलऐवजी क्वार्ट्झची नळी हवी आणि वरचे सगळे कॅलिब्रेशन त्या तापमानांना पुन्हा हवेत. दुसरा मार्ग मला जास्त पसंत आहे: तापवून उरलेले कण ८० टक्के आर्द्रतेत नेऊन त्यांचा फुगवटा मोजायचा. सोडियम क्लोराइडची विरघळण्याची पातळी ७५ टक्के, सोडियम सल्फेटची ८४. वाळलेल्या अवस्थेतून ८० टक्क्यांवर नेलं तर मिठाचा कण व्यासाने दुपटीच्या जवळ जातो आणि सोडियम सल्फेटचा कण जवळपास तसाच राहतो. मिश्रण असेल तर फुगवटा अधलामधला येतो आणि तेव्हा आकड्यावर फार भार टाकू नये, पण दोन टोकं स्पष्ट वेगळी पडतात. आर्द्रता ८० वर एका टक्क्याच्या आत धरता आली पाहिजे. ८४ च्या वर गेली की चाचणी निकामी.

काजळी हा ३०० अंशांना टिकणारा दुसरा मोठा गट. किनाऱ्यावरून जहाजं जातात, जमिनीवरचा धूर रात्रीच्या वाऱ्याने समुद्राकडे जातो आणि सकाळी परत येतो. तुमचे ३० नॅनोमीटरचे गाभे सहज काजळीचे असू शकतात: धुरातल्या लहान गाभ्यावर सल्फेट आणि सेंद्रिय थर चढून तो १०० पर्यंत वाढलेला. त्या गाभ्याचं आकारमान मूळ कणाच्या २.७ टक्के आहे. हे ठरवायला तापमान अपुरं, आणि हवेच्या प्रवाहात ५००-६०० अंशांच्या पुढे काजळी ऑक्सिजनमुळे जळूही लागते. ती टिकते की नाही हे पाहायचं तर वाहक वायू नायट्रोजन हवा. त्यापेक्षा शेजारी एथॅलोमीटर (काजळी, म्हणजे ब्लॅक कार्बन, मोजणारं यंत्र) ठेवा. गाभ्यांचा उंचवटा ब्लॅक कार्बनसोबत वरखाली होत असेल तर काजळी. ९० चा उंचवटा समुद्रावरच्या वाऱ्याच्या वेगासोबत वाढत असेल तर मीठ. सेकंदाला चार-पाच मीटरच्या खाली लाटांवर फेस फारसा येत नाही, त्यामुळे दीर्घ शांत वाऱ्यातही ९० चा उंचवटा तसाच भक्कम राहिला तर शंका घ्या.

स्वच्छ सागरी हवा म्हणजे काय हेही आधी ठरवून, लिहून ठेवा. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या मेस हेड केंद्रात १९० ते ३०० अंशांच्या दिशेचा वारा सागरी मानतात आणि त्यावर ब्लॅक कार्बनची मर्यादा लावतात. नुसती दिशा पुरत नाही, कारण खाऱ्या वाऱ्यासोबत परत आलेला जमिनीचा धूर दिशेने सागरीच दिसतो. याच केंद्रात ओहोटीच्या वेळी, दिवसा, उघड्या पडलेल्या समुद्रशैवालातून निघणाऱ्या आयोडीनच्या संयुगांमुळे अतिसूक्ष्म कणांचे लोट उठतात हे चांगलं नोंदलेलं आहे. असा किनारा असेल तर भरती-ओहोटीची वेळ डेटासोबत ठेवलीच पाहिजे. इनलेट फुटणाऱ्या लाटांच्या अगदी जवळ आणि खाली असेल तर तुम्ही खुल्या समुद्राची हवा न मोजता त्या पन्नास मीटर फेसाची मोजाल.

सेंद्रिय पदार्थांचा भाग सगळ्यात अवघड. मेस हेडच्याच नमुन्यांवरून २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्लवकांच्या बहराच्या काळात एक मायक्रॉनखालच्या कणांच्या वस्तुमानात सेंद्रिय वाटा ६३ टक्के आणि हिवाळ्यात १५ टक्के निघाला होता. हे पदार्थ एका ठरावीक तापमानाला जात नाहीत. ५० पासून ३०० च्या पुढेपर्यंत पसरून जातात. शिवाय बहुशर्करा आणि जेलसारखे मोठे रेणू वाफ होण्याऐवजी करपतात आणि मागे न उडणारा अवशेष सोडतात. म्हणून ३०० ला उरलेल्यात सेंद्रियाचा करपलेला भागही असू शकतो. बहराच्या ऋतूत ‘उरलेलं म्हणजे मीठ’ हे गणित सर्वात जास्त चुकतं.

आता आकडेवारीकडे. सागरी हवेतल्या कणांचे साधारण दोन उंचवटे असतात, एक ४०-५० नॅनोमीटरला, दुसरा १५०-२०० ला, आणि मध्ये ७० ते ९० च्या आसपास ढगांच्या प्रक्रियेने पडलेला खळगा. तुम्ही निवडलेले १०० नॅनोमीटर या खळग्याच्या काठावर येतात. तिथे कण कमी, आणि १०० नॅनोमीटरच्या एकभारी (एक विद्युतभार असलेल्या) कणाइतकीच गतिक्षमता (विद्युतक्षेत्रात सरकण्याचा वेग) असलेले, म्हणून डीएमएतून सोबतच निवडले जाणारे, १५० नॅनोमीटरचे द्विभारी (दोन भारांचे) कण तुलनेने जास्त. तापवल्यावर हे द्विभारी कण वेगळ्या जागी आक्रसून नकली उंचवटा तयार करतात. शिवाय हिशोब पाहा: १०० नॅनोमीटरजवळ आकाराच्या दर दशकी (दहापट) पट्ट्याला ३०० कण प्रति घनसेंटीमीटर असतील आणि शीथचा (डीएमएतल्या स्वच्छ हवेच्या आवरणाचा) फ्लो नमुन्याच्या दहापट असेल, तर पहिल्या डीएमएतून भारित होऊन निवडले जाणारे कण घनसेंटीमीटरला जेमतेम २ असतात. सीपीसी मिनिटाला ०.३ लिटर ओढत असेल तर तीन मिनिटांच्या स्कॅनमध्ये एका उंचवट्यात पन्नासेक कण मोजले जातात, आणि ते तीन भागांत विभागले की प्रत्येकात पंधरा-वीस. वीस मोजले तर अनिश्चितता २२ टक्के. एका स्कॅनवरून ‘एक तृतीयांश’ म्हणता येत नाही. एकाच प्रकारच्या हवेतले वीस-तीस स्कॅन जोडा. आणि १०० सोबत ५० व १६५ नॅनोमीटरही मोजा, तिथे कण जास्त मिळतात आणि चित्र पक्कं होतं.

वेळापत्रकही किनाऱ्याला साजेसं हवं. सहा तापमानं, प्रत्येकाला स्थिरावायला १० मिनिटं, ५ मिनिटांचा तापवलेला स्कॅन आणि ५ मिनिटांचा बायपास, म्हणजे पूर्ण फेरी दोन तासांची. एवढ्यात खारे वारे सुरू होऊन हवा पूर्ण बदलू शकते, आणि मग १०० अंशांचा बिंदू जमिनीच्या हवेचा व ३०० चा समुद्राच्या हवेचा असा आलेख तयार होतो, तो दिसायला गुळगुळीत असला तरी निरर्थक असतो. प्रत्येक तापवलेला स्कॅन दोन बायपासच्या मध्ये ठेवा. मागचा आणि पुढचा बायपास संख्येत १५ टक्क्यांहून जास्त वेगळे निघाले तर मधला स्कॅन टाकून द्या. तापमानांचा क्रम रोज बदला. दीर्घ मोहिमेसाठी मी सहाऐवजी दोनच तापमानं घेईन, १५० आणि ३००, दोन वेगळ्या नळ्यांत कायम तापलेली ठेवून. स्थिरावण्याचा वेळ शून्य होतो आणि एकेका तापमानाची आकडेवारी सहापट मिळते.

तुमच्या आत्ताच्या डेटातून काय लिहिता येईल? मीठ वापरून लॉसचा तक्ता केला आणि द्विभारी कण वजा केले, तर असं: ‘१०० नॅनोमीटरच्या कणांपैकी इतके टक्के ३०० अंशांना, इतक्या सेकंदांत १० नॅनोमीटरखाली गेले, इतके टक्के कणांत आकारमानाचा सुमारे ३ टक्के न उडणारा गाभा होता, इतके टक्के कणांनी ७३ टक्के आकारमान राखलं.’ तीन गट बाहेरून मिश्रित आहेत, म्हणजे वेगवेगळ्या कणांत आहेत, हे मात्र द्विभारी कण वजा केल्यावर तुम्ही ठामपणे म्हणू शकता, कारण सगळे कण सारखेच असते तर एकच उंचवटा सरकला असता. ही बऱ्यापैकी मोलाची माहिती आहे आणि ती नुसत्या फिल्टरच्या विश्लेषणातून मिळत नाही. गटांना नावं द्यायची तर पहिल्यांदा समुद्राच्या पाण्याचा नमुना त्याच नळीतून न्या, मग एथॅलोमीटर आणि वाऱ्याच्या नोंदी जोडा, आणि ९० च्या गटाला ८० टक्के आर्द्रतेची चाचणी लावा.